डबेवाले, सिक्स सिग्मा आणि आपला सिनॉप्सिस

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषय सुचत नाही. मॅनेजमेंटवाल्यांना अशा वेळी हमखास आठवतात ते मुंबईचे डबेवाले. विषय आपला, माणसं आपल्या भाषेतली, फील्डवर्क लोकलच्या पासात होणारं, वर हार्वर्डचा शिक्का. मग प्रस्तावनेचं पहिलं वाक्य असं येतं: "मुंबईच्या डबेवाल्यांना फोर्ब्जने सिक्स सिग्मा दर्जा दिला असून ६० लाख डब्यांमागे त्यांची केवळ एक चूक होते."

हे वाक्य तुम्ही एमबीएच्या नोट्समध्ये वाचलं असेल, लीडरशिपच्या सेमिनारमध्ये ऐकलं असेल, व्हॉट्सअॅपवर तर दर चार महिन्यांनी येतंच. आजच्या पोस्टमध्ये आपण फक्त हे एक वाक्य घेणार आहोत. एका वाक्यावर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण संशोधनात नेमकं काय करायचं असतं आणि आपल्याकडच्या मॅनेजमेंटच्या अभ्यासात ते कुठे राहून जातं, हे दाखवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एक आधीच स्पष्ट करते. टीका डबेवाल्यांवर नाही, त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांवर आहे.

आकडा आला कुठून?

१९९८ मध्ये 'फोर्ब्ज ग्लोबल'मध्ये डबेवाल्यांवर एक लेख आला. लेखाचे मुख्य पत्रकार सुब्रत चक्रवर्ती. त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं की तुमच्याकडून चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं ते साधारण असं: जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. चक्रवर्तींनी कागदावर हिशेब केला. रोजचे सुमारे १ लाख ७५ हजार डबे, गुणिले दोन महिन्यांचे कामाचे दिवस, म्हणजे अंदाजे ८० लाख डिलिव्हरींमागे एक चूक. रिकामा डबा परत घरी जातो तीही फेरी धरली तर १ कोटी ६० लाखांमागे एक.

झालं एवढंच. कुणी डबे मोजले नाहीत, नोंदवही तपासली नाही, ग्राहकांना विचारलं नाही. एका माणसाने तोंडी दिलेला अंदाज आणि त्यावर केलेला एक गुणाकार.

मग 'सिक्स सिग्मा' कुठून आलं? चक्रवर्तींनी नंतर स्वतःच खुलासा केला की हा शब्द त्यांच्या लेखात नव्हताच आणि फोर्ब्जने कुणाला प्रमाणपत्र वगैरे दिलेलं नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार एका परिषदेत कुणा वार्ताहराने अध्यक्षांना विचारलं की तुम्ही सिक्स सिग्मा आहात का. म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. आकडा सांगितल्यावर ते म्हणाले की मग आम्ही आहोतच, फोर्ब्जला विचारा. पुढे बातमी झाली ती 'फोर्ब्जने प्रमाणित केलं' अशी. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचा हवाला दिला.

या साखळीत कुणीही ठरवून खोटं बोललेलं नाही, हे लक्षात घ्या. अध्यक्षांनी प्रामाणिक अंदाज दिला. पत्रकाराने त्याचा हिशेब केला आणि विचारल्यावर तो कसा केला हेही सांगितलं. घोटाळा झाला तो पुढच्यांमुळे, ज्यांनी मूळ लेख उघडायची तसदी घेतली नाही. आणि ८० लाख आणि १ कोटी ६० लाख या आकड्यांच्या शेजारी आज ६० लाखही फिरतो आहे. एकाच गोष्टीचे तीन आकडे चलनात असतील तर समजावं की मोजमाप झालेलं नाही, नुसती नक्कल झालेली आहे.

आता जरा गणित करू

आकडेमोड बघून पोस्ट सोडू नका, पाचवीच्या पलीकडचं काही नाही.

सिक्स सिग्मा ही मुळात मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास पुढे आलेली दर्जासुधारणेची पद्धत. तिच्याशी दोन आकडे जोडले जातात. प्रचलित हिशेबात दहा लाख संधींमागे ३.४ दोष. नुसत्या सांख्यिकी व्याख्येने पाहिलं तर शंभर कोटींमागे सुमारे २ दोष. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

८० लाखांत एक चूक म्हणजे शंभर कोटींमागे १२५ चुका. म्हणजे कडक व्याख्येने पाहिलं तर डबेवाले सिक्स सिग्माच्या साठ पट मागे आहेत. सैल व्याख्येने पाहिलं तर दहा लाखांमागे ०.१२५ चुका, म्हणजे सिक्स सिग्माच्या सत्तावीस पट पुढे. तोच आकडा, तेच डबे, आणि निष्कर्ष दोन टोकांचे. सिनॉप्सिसमध्ये 'सिक्स सिग्मा' लिहिताना यातलं काय म्हणायचं आहे, असं आरआरसीत कुणी विचारलं तर?

आता उलटं करून बघा. काही जण लिहितात की डबेवाल्यांच्या चुका दहा लाखांत ३.४ पेक्षा कमी. समजा रोज २ लाख डबे, जाऊन-येऊन ४ लाख फेऱ्या आणि वर्षाचे ३०० दिवस. एकूण १२ कोटी फेऱ्या. ३.४ च्या हिशेबाने वर्षाला ४०८ चुका. आणि 'दोन महिन्यांतून एखादी' म्हणजे वर्षाला सहा. सहा आणि चारशे आठ! दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात सुखाने नांदताना तुम्हाला दिसतील, कारण दोन्हींच्या डोक्यावर 'सिक्स सिग्मा' हीच टोपी असते.

शेवटचं एक गणित. समजा तुम्ही मनापासून फील्डवर्क केलं आणि ५,००० डबे घरापासून ऑफिसपर्यंत स्वतः तपासले. एकही चूक सापडली नाही. मग सिद्ध झालं का? सांख्यिकीत 'तीनचा नियम' म्हणून एक सोपा आडाखा आहे. शून्य चुका सापडल्या तर खरा चुकीचा दर, ९५ टक्के खात्रीने, ३ भागिले नमुनासंख्या याच्या आत असतो. ३ भागिले ५,००० म्हणजे दहा लाखांत ६००. तुमच्या ५,००० निर्दोष डब्यांवरून फार तर एवढंच म्हणता येईल की दर दहा लाखांत ६०० पेक्षा कमी आहे. '८० लाखांत एक' म्हणायचं तर एकही चूक न सापडता २ कोटी ४० लाख डबे तपासावे लागतील. मुंबईतला एकूण एक डबा रोज तपासला तरी १ लाख ७५ हजारांच्या हिशेबाने १३७ दिवस लागतील. शंभर जणांची प्रश्नावली वाटून हे होणार आहे का, तुम्हीच सांगा.

चूक म्हणजे नेमकं काय?

गणिताच्याही आधीचा प्रश्न आहे तो व्याख्येचा. डबा दुसऱ्याला गेला ही चूक. पण वीस मिनिटं उशिरा पोचला तर? आमटी सांडली तर? लोकल बंद पडली आणि त्या दिवशी डबा पोचलाच नाही तर ती चूक डबेवाल्याची की रेल्वेची? डबा बदलला, पण संध्याकाळी फोनवर बोलून मिटवलं, तर ती धरायची का?

'दोन महिन्यांतून एखादी' या उत्तरात यातलं काय धरलं होतं, कुणी विचारलंच नाही. शिवाय अध्यक्षांपर्यंत पोचणारी तक्रार आणि प्रत्यक्षात झालेली चूक यांत फरक असतो. बहुतेक तक्रारी त्या-त्या भागातल्या डबेवाल्यापाशी किंवा मुकादमापाशीच मिटत असणार. वरपर्यंत जाते ती न मिटलेली. ज्याच्याकडून माहिती घेतो त्याला ती कुठून मिळते, हा प्रश्न मुलाखत घेण्याआधी विचारायचा असतो.

२०१३ मध्ये आलेला 'द लंचबॉक्स' तुम्ही पाहिला असेल. सगळी गोष्ट उभी आहे ती चुकीच्या माणसाकडे जाणाऱ्या एका डब्यावर. नायिका तक्रार करते तेव्हा डबेवाला तिला हार्वर्डच्या लोकांचा दाखला देऊन चूक शक्यच नाही असं सुनावतो. प्रेक्षक हसतात. आपण मॅनेजमेंटवाल्यांनी मात्र जरा विचारात पडायला हवं, कारण आपल्या प्रस्तावनेतला युक्तिवाद याहून फारसा वेगळा नसतो.

हार्वर्डचा शिक्का

"पण मॅडम, हार्वर्डने केस स्टडी केलीय ना!" केलीय. स्टीफन थॉम्के आणि मोना सिन्हा यांची ही केस २०१० ची, आणि थॉम्के यांचा 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधला लेख २०१२ चा. लेख वाचनीय आहे. संघटना, व्यवस्थापन, प्रक्रिया आणि संस्कृती अशा चार खांबांवर डबेवाल्यांची व्यवस्था कशी उभी आहे, असं त्याचं सूत्र.

पण हार्वर्डच्या केसच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. तिचा आशय असा की केस फक्त वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेली आहे, ती कुणाची शिफारस नाही, प्राथमिक माहितीचा स्रोत नाही आणि चांगल्या किंवा वाईट व्यवस्थापनाचा नमुनाही नाही.

परत वाचा. प्राथमिक माहितीचा स्रोत नाही. लिहिणारेच सांगताहेत की हिला पुरावा म्हणून वापरू नका. आणि आपण प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात 'हार्वर्डच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे की' असं लिहितो. शिकवायची केस आणि संशोधनाची केस स्टडी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिलीचं काम वर्गात वाद पेटवणं. दुसरीला पुराव्यांची जुळणी, विरोधी स्पष्टीकरणांची तपासणी, नमुना का निवडला याचं उत्तर, असं सगळं लागतं. नाव एकच असल्यामुळे आपली गल्लत होते, आणि दोन वर्षं एमबीएत पहिली वाचून आल्यावर दुसरी कशी असते हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

यश दिसलं की नेतृत्व दिसतं

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. त्या आकड्यावर जी इमारत उभी राहते ती जास्त त्रासदायक.

लीडरशिपच्या पुस्तकांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: डबेवाल्यांचं यश म्हणजे सपाट रचना, सामूहिक नेतृत्व, वारकरी संस्कार आणि सेवाभाव यांचं फळ. ऐकायला छान. पण ही कारणं शोधली कशी? आधी यश गृहीत धरलं, मग त्या यशस्वी लोकांकडे जे-जे दिसलं ते कारण म्हणून लिहिलं.

बॅरी स्टॉ यांचा १९७५ चा एक प्रयोग यासाठी जरूर वाचा. काही गटांना एका कंपनीच्या आकडेवारीवरून पुढच्या विक्रीचा वगैरे अंदाज बांधायला दिला. नंतर काही गटांना सांगितलं की तुमचं काम उत्तम झालं, काहींना सांगितलं वाईट झालं. हे सांगणं निव्वळ चिठ्ठी टाकून केलेलं होतं, प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध नव्हता. मग गटात एकोपा, संवाद, उत्साह कसा होता ते विचारलं. 'उत्तम' ऐकलेल्यांनी आपल्या गटाला भरभरून गुण दिले, 'वाईट' ऐकलेल्यांनी हात आखडता घेतला. म्हणजे निकाल कळला की माणूस कारणं मागे जाऊन रंगवतो. हे मुद्दाम होत नाही, आपोआप होतं. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ मध्ये 'द हेलो इफेक्ट' या पुस्तकात याच मुद्द्यावरून बिझनेसच्या गाजलेल्या पुस्तकांची झाडाझडती घेतली आहे.

नेतृत्वाबाबत तर जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा निबंध आहे. विषय असा की कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट असली की लोकांना तिच्यामागे नेताच दिसतो. नेतृत्वाचं आपल्याला एक रोमँटिक आकर्षण असतं, असं ते म्हणतात. गंमत म्हणजे पुराव्यासाठी त्यांनी नेतृत्वावर लिहिल्या गेलेल्या पीएचडी प्रबंधांची संख्यासुद्धा तपासली होती. म्हणजे आपण संशोधकही त्या आकर्षणातून सुटलेलो नाही.

डबेवाल्यांना हे लावून बघा. त्यांच्या यशाची इतर स्पष्टीकरणं काय असू शकतात? मुंबईचा आकार चिंचोळा, उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि त्याच्या मधून जाणारी लोकल. एका डबेवाल्याकडे साधारण तीस-पस्तीस डबे, आणि रोज तीच घरं, तीच ऑफिसं. तोच रस्ता वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाची चूक कमी होणारच, त्याला नेता लागत नाही. भरती बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आणि ओळखीतून. हयगय केली तर गावच्या जत्रेत तोंड दाखवायची पंचाईत. ही संस्कृती आहे की आर्थिक शिस्त आहे की भूगोल आहे? कदाचित तिन्ही. पण कुठल्याचा वाटा किती, हे फक्त यशस्वी गटाकडे बघून कधीच कळणार नाही. त्यासाठी तुलना लागते.

आणि एक शब्द खटकतो तो सांगायलाच हवा. 'अशिक्षित असूनही'. डब्याच्या झाकणावरच्या रंग, अक्षर, आकड्यांवरून कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या इमारतीत जायचं, कुठल्या मजल्यावर द्यायचं हे क्षणात वाचणारा माणूस वाचतोच आहे. ती लिपी आपल्याला येत नाही, एवढंच. 'अशिक्षित असूनही' म्हणताना आपण त्यांचं कौतुक करत नसतो, आपलं आश्चर्य नोंदवत असतो.

मग डबेवाल्यांवर काम करूच नये का?

करावं, जरूर करावं. पण प्रश्न बदलून. 'डबेवाल्यांच्या नेतृत्वाचा यशावर परिणाम' हा प्रश्न नाही, ते आधीच ठरवलेलं उत्तर आहे. त्याऐवजी हे बघा:

१. तुलना आतच आहे. थॉम्के यांच्या वर्णनानुसार सुमारे पंचवीस जणांची एक तुकडी, अशा जवळपास दोनशे. मुकादम वेगळे, भाग वेगळे, ग्राहक वेगळे. कुठल्या तुकड्यांत माणसं टिकतात, कुठे सोडून जातात? नेतृत्वाचा परिणाम बघायचा तर तो इथे दिसेल, कारण इथे फरक आहे. सगळ्यांना मिळून एक 'संस्था' धरलं तर तुलनेला काही उरतच नाही.

२. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ऑफिसंही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम एका झटक्यात थांबलं. अनेकजण गावी गेले, बरेच परतले नाहीत. 'जगातली सर्वोत्तम व्यवस्था' अशा वेळी काय करते? ग्राहक कसे वाटून घेतले, उत्पन्न कसं भागवलं, कुणी ठरवलं? व्यवस्था मोडते तेव्हा तिचे सांधे दिसतात. यावरचा एक प्रामाणिक प्रबंध सिक्स सिग्मावरच्या पन्नास प्रबंधांना भारी पडेल.

३. चूक मोजायचीच असेल तर आधी व्याख्या करा, मग एका स्टेशनवर, ठरावीक दिवस, तीन प्रकारच्या चुका नोंदवा. दर दहा हजारांत दोन निघाला तरी चालेल. तो तुम्ही मोजलेला असेल.

सुरुवातीला वाचायला सारा रोंकाल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 'फीडिंग द सिटी' घ्या, २०१३ चं आहे आणि ऑनलाइन मोफत वाचता येतं. त्यात आकड्यांचा जयघोष नाही, माणसं आहेत, जेवण आहे, शहर आहे.

सिनॉप्सिस देण्याआधी

प्रस्तावनेतलं प्रत्येक आकडा असलेलं वाक्य अधोरेखित करा. प्रत्येकापुढे लिहा: हा आकडा कुणी मोजला, कसा मोजला, मी मूळ लेख स्वतः उघडला का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर वाक्य काढा किंवा मूळ लेख शोधा. 'अमुक यांनी तमुकमध्ये म्हटल्याप्रमाणे' असं लिहून सुटका होत नाही, कारण ही सगळी गंमत तशीच तर सुरू झाली.

व्हायवात हे कुणी विचारेलच असं नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा विचारत नाहीत, आणि म्हणूनच ते वाक्य इतकी वर्षं टिकलं. तुमचा प्रबंध तसाही पास होईल. प्रश्न एवढाच आहे की नंतर कुणी विद्यार्थी तो उघडेल, तुमचं नाव बघून विश्वास ठेवेल आणि तेच वाक्य पुढे लिहील. हा डबा तुमच्या हातून पुढे जाणार आहे. तो द्यायच्या आधी झाकण उघडून बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.